एका कॅमशाफ्टची चाल

माझा भाचा आयटीआय झालेला आहे आणि त्याच्या हाताला गुण आहे, असं त्याच्याबरोबर काम करणारे सांगतात. दोन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे बारा हजार रुपये मागायला आला. कशासाठी, तर कॅमशाफ्टसाठी. माझे मेव्हणे वारले तेव्हा मागे एक मारुती एस्टीम ठेवून गेले. ती गाडी भाचा जिवापाड जपतो. म्हणाला, "मामू, कंपनीचा कॅम फार मवाळ आहे. त्याच्या जागी रेसचा टाकला की बघा गाडी कशी निघते." मवाळ हा शब्द मला आवडला. कवीला फसवायला एवढं पुरतं. मी पैसे दिले.

नवा कॅम बसला आणि गाडीचा सूरच बदलला. उभी असतानासुद्धा ती डुलायची, धाप लागलेल्या माणसासारखी थांबून थांबून श्वास घ्यायची. शेजारीपाजारी बघायला यायचे. भाच्याला तो आवाज म्हणजे संगीत. आठ-दहा दिवसांनी तो आईला, म्हणजे माझ्या आपाला, डोळे तपासायला घेऊन निघाला. सात रस्त्याची गर्दी, पहिला गियर, थांबत थांबत चाललेली गाडी. तीनदा ब्रेक लागला. चौथ्यांदा पेडल दगडासारखं घट्ट झालं आणि गाडी पुढच्या रिक्षाला जाऊन भिडली. कोणाला लागलं नाही. रिक्षाचा पत्रा चेपला आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालेल्या आपाचा चष्मा फुटला.

ज्यांनी कॅम बसवून दिला होता त्यांनी हात वर केले. "ब्रेकला आम्ही हातच लावला नव्हता." ते खरं होतं. ब्रेकला कोणीच हात लावला नव्हता. मग कॅमशाफ्टचा आणि ब्रेकचा संबंध काय? पैसे माझे होते, त्यामुळे हा प्रश्न माझी पाठ सोडेना. पैसे देण्याआधी जे वाचायला हवं होतं ते मी नंतर वाचायला बसलो.

मी बी. ए. झालेला माणूस. इंजिनाशी माझा संबंध एस. टी.च्या पुढच्या बाकावर बसण्यापुरता. पण कॅम मला चटकन कळला, तो अब्बांमुळे. अब्बा सोलापुरात मागावर जॉबर होते. साध्या यंत्रमागाला वर एक क्रँकशाफ्ट असतो आणि खाली एक दुसरा शाफ्ट. वरचा दोनदा फिरला की खालचा एकदा फिरतो. त्या खालच्या शाफ्टवर अंड्याच्या आकाराचे लोखंडी तुकडे असतात, त्यांना टॅपेट म्हणायचं. त्यांचा फुगीर भाग वर आला की ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधे वाट उघडते आणि त्या वाटेतून धोटा पळतो. वाट उशिरा उघडली तर धोटा धाग्यांत अडकतो आणि शेकडो धागे एकदम तुटतात. अब्बांचं सगळं कसब या टायमिंगमध्ये होतं. ते कान लावून सांगायचे, तिसऱ्या मागाचा टॅपेट सरकलाय म्हणून.

मोटारीच्या इंजिनात अगदी हेच चालतं. क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्ट एक घेतो. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, व्हॉल्व्ह ढकलून उघडतात. एक व्हॉल्व्ह हवा आणि पेट्रोल आत घेण्याचा, दुसरा जळलेला धूर बाहेर सोडण्याचा. गाडी मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालली असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. केव्हा उघडायचा, किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे सगळं त्या लोखंडाच्या आकारात एकदाच कोरलेलं असतं. इंजिनाला त्यात नंतर काही बोलता येत नाही.

ही युक्ती मोटारीहून फार जुनी. अल-जझारी नावाच्या कारागिरानं १२०६ साली दियारबक्रच्या दरबारात आपल्या यंत्रांचा सचित्र ग्रंथ पुरा केला. आज ते शहर तुर्कस्तानात आहे. त्या ग्रंथात पाण्यावर तरंगणारी एक नाव आहे आणि तीत वाजंत्री बाहुले बसले आहेत. आत एक दंडगोल फिरतो, त्याच्या खुंट्या तरफांना धक्का देतात आणि बाहुल्यांचे हात ढोलावर पडतात. खुंटी जिथे लावाल तिथे ताल पडणार. म्हणजे त्या काळी कॅमचं काम ताल धरण्याचं होतं. वेगाची हाव त्याला पुढे लागली.

ती लागली कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसपासून काही तासांच्या अंतरावर वाळवंटात कोरड्या तळ्यांचे सपाट तळ आहेत. मुरॉक हे एक, एल मिराज हे दुसरं. १९३०च्या दशकात गावातली तरुण पोरं जुन्या फोर्ड घेऊन तिथे जायची, मडगार्ड आणि पुढची काच काढून ठेवायची, सरळ रेषेत गाडी पळवायची, पुन्हा सगळं जोडून घरी परतायची. सोमवारी त्याच गाडीनं कामाला. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून संघटना काढली आणि वेळ मोजण्याची शिस्त आली. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रस्त्यावरच्या गाडीत शर्यतीचा कॅम घालावा का, हा माझ्या भाच्याचा प्रश्न या छंदाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे. कारण गाडी एकच होती, तिला रविवार होता आणि सोमवारही होता.

या पोरांना कॅम कोण करून देणार? एड विनफिल्ड नावाचे एक अबोल गृहस्थ लॉस एंजेलिसमध्ये १९२०च्या दशकापासून कार्बोरेटर आणि कॅम बनवत होते. ते आपली विद्या कोणाला सांगत नसत. त्यांच्याकडे वळणाऱ्या पोरांत एक होता एड इस्केंडेरियन. आर्मेनियन घरातला, १९२१चा जन्म. घरची द्राक्षबाग थंडीनं गेली म्हणून कुटुंब शहरात आलेलं. द्राक्षबाग थंडीनं जाणं म्हणजे काय, हे सोलापूर-सांगलीकडच्या वाचकाला मी सांगायला नको. या मुलानं १९२४च्या फोर्डच्या सांगाड्यावर एक गाडी उभी केली आणि १९४२ साली एल मिराजवर ताशी १२० मैल पळवली. मग तो युद्धावर गेला. परत येऊन बघतो तर कॅमसाठी रांग लागलेली, महिनोन् महिने थांबा. त्यानं एक जुनं ग्राइंडिंग मशीन विकत घेतलं, त्यात आपल्या हातानं फेरफार केले आणि १९४६ साली स्वतःच कॅम घासायला सुरुवात केली. पुढे १९६३ साली वेगाचं सामान बनवणाऱ्यांची अमेरिकेत संघटना झाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच.

घासायला, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. जुना कॅम घेऊन त्याची उंची वाढवायची तर लोखंड चिकटवत नाहीत. उंचवट्याखालचा गोल भागच घासून लहान करतात. पाया खाली गेला की शिखर आपोआप उंच दिसतं आणि व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आमच्या साहित्य व्यवहारातली एक-दोन शिखरं आठवली. असो.

या कॅमना नावं काय दिली जायची ते ऐका. अर्धा रेस, पाऊण रेस, पूर्ण रेस. पाऊण रेस! पाऊण शेर साखर मला कळते, पाऊण तास कळतो. पाऊण शर्यत म्हणजे काय? दुकानदाराला विचारलं तर तो सांगायचा, पूर्णपेक्षा जरा कमी. हे माप नव्हतंच, ती इच्छा होती. एकाचा पाऊण दुसऱ्याच्या अर्ध्याइतका असे. आणि काउंटरशी उभा असलेला अठरा वर्षांचा पोरगा मित्रांसमोर अर्धा रेस मागेल का? तो पूर्णच मागणार. मग सोमवारी कामावर जाताना प्रत्येक चौकात त्याची गाडी बंद पडणार.

असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आत ओढली जाते. हा अर्धा फेरा, १८० अंशांचा. हिशेबानं व्हॉल्व्ह तेवढाच वेळ उघडा हवा. पण हवेलाही वजन आहे. इंजिन जोरात फिरू लागलं की आत धावत येणारी हवा पिस्टन वर वळल्यावरही आपल्या वेगानं आत घुसतच राहते. म्हणून व्हॉल्व्ह उशिरा मिटवला तर जास्त हवा मावते, ताकद वाढते. शर्यतीच्या कॅमचं सगळं गुपित एवढंच. पण तेच इंजिन हळू चालत असलं तर हवेला तो वेग नसतो. उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून पिस्टन ती हवा आल्या वाटेनं परत ढकलून देतो. शिवाय अशा कॅममध्ये धुराचा व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आतच हवेचा उघडतो आणि काही क्षण दोन्ही दारं एकदम उघडी राहतात. वेगात असताना बाहेर पळणारा धूर नव्या हवेला आत ओढून घेतो. संथ असताना मात्र धूरच उलटा आत शिरतो. गाडी डुलते ती यामुळे. ज्या आवाजावर माझा भाचा खूश होता, तो इंजिनाला ठसका लागल्याचा आवाज होता.

ही गोष्ट मोठ्या कंपन्यांना कळत नव्हती असं नाही. झोरा आर्कस-डन्टोव्ह हे रशियन आई-बापांचे चिरंजीव ब्रसेल्समध्ये जन्मले, बर्लिनमध्ये शिकले आणि १९५३ साली जनरल मोटर्समध्ये नोकरीला लागले. त्याच डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. वेगाची नशा असलेली पोरं फोर्ड घेतात, कारण फोर्डसाठी बाजारात सगळं सामान मिळतं. आपण शेवरोलेसाठी ते कारखान्यातूनच का देऊ नये? नव्या नोकरानं मालकाला असं सुनावणं तेव्हाही सोपं नसेल. डन्टोव्हनी पुढे स्वतः एक कॅम आखला आणि जानेवारी १९५६ मध्ये तो घातलेली कॉर्व्हेट डेटोनाच्या वाळूवर ताशी १५० मैलांच्या वर नेली. त्या कॅमवर व्हॉल्व्ह २८७ अंश उघडा राहत असे, म्हणजे अर्ध्या फेऱ्यापेक्षा १०७ अंश जास्त. १९५७ साली २८३ घनइंचांच्या इंजिनातून कंपनीनं २८३ हॉर्सपॉवर जाहीर केली, त्या इंजिनात हाच कॅम होता. घनइंचाला एक घोडा, अशी जाहिरातीला सोयीची बेरीज.

मग हाव वाढली. १९६०च्या दशकात शेवरोलेचा '३०-३०' कॅम आला. हवेच्या आणि धुराच्या, दोन्ही व्हॉल्व्हना इंचाच्या तीस हजारांश भागाएवढी फट ठेवायची, म्हणून हे नाव. तो १९६७ साली कॅमेरो झी-२८ या गाडीत बसवला गेला. पाच लिटरच्या आतल्या गाड्यांची शर्यत होती, तिच्यासाठी ही गाडी केलेली. नियमासाठी ती लोकांनाही विकावी लागली. पहिल्या वर्षी ६०२ गेल्या. वरच्या फेऱ्यांत ती वाघ होती. खालच्या फेऱ्यांत तिला इतकं कमी बळ होतं, की बाजारहाटाला ती कटकटच वाटे.

याच कॅमच्या निमित्तानं आकड्यांची एक गंमत सांगतो. रेडिओवर आकडे फार सांगू नका, असं मला बजावलेलं आहे, पण हे दोनच. जाहिरातीच्या मापानं ३०-३० कॅमचा अवधी ३४६ अंश. तोच कॅम लोबकडची उचल इंचाच्या पन्नास हजारांश भागाएवढी, म्हणजे सव्वा मिलिमीटर, झाल्यावर मोजायला घेतला तर २५४ अंश. कॅम एकच आणि फरक ९२ अंशांचा. कारण उंचवट्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा उतार इतका मंद असतो की तिथे व्हॉल्व्ह उघडा म्हणावा की मिटलेला, हे दुकानदाराच्या मनावर. पुढे धंद्यातल्या लोकांनी पन्नास हजारांशचं माप सर्वमान्य केलं, तेव्हा कुठे दोन दुकानांतले कॅम एकमेकांशेजारी ठेवून बघता येऊ लागले. आजही कॅम घेताना हाच आकडा विचारायचा. भाच्यानं कुठला विचारला होता? पॅकेटावर छापलेला, मोठा.

आता ब्रेक. संथ चालणाऱ्या इंजिनाची ओढ जबरदस्त असते. बंद दारामागे ते हवेसाठी तडफडत असतं आणि त्यातून नळीत निर्वात तयार होतो. मोटारीचा ब्रेक दाबताना पायाला मदत करणारा जो डबा असतो, तो याच निर्वातावर चालतो. नव्या कॅममध्ये दोन्ही दारं एकदम उघडी राहू लागली, ओढ कमी झाली. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की डब्यातली शिल्लक थोडी संपायची आणि गर्दीत ती पुन्हा भरायला उसंत मिळत नव्हती. चौथ्या वेळी भाच्याचा पाय एकटा पडला. ब्रेकला कोणी हात लावला नव्हता, हे त्या लोकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मला अजून त्याचाच राग येतो.

मग रस्त्यावरच्या गाडीसाठी कॅम कसा निवडायचा? या धंद्यातल्या जुन्याजाणत्यांचं म्हणणं वाचलं तर ते चारच गोष्टी विचारतात. गाडीचं वजन किती, गियरचं प्रमाण काय, इंजिनाचा दाब किती आणि गाडी रोज किती फेऱ्यांवर चालते. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा. गावातली गाडी बहुतेक वेळ हजार ते तीन हजार फेऱ्यांच्या मधे जगते. सहा हजारांवर उमलणारा कॅम तिथे काय कामाचा? उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह दाब घालवतो, म्हणून मोठ्या कॅमबरोबर पिस्टनचा दाबही वाढवावा लागतो. स्प्रिंगा बदलाव्या लागतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाही ना, ते मोजावं लागतं. एक सुटा कॅम विकत घेणं म्हणजे फक्त नवरदेव आणणं, वऱ्हाड मागून येतंच. आणि दोन कॅममध्ये मन अडकलं असेल तर लहान घ्यावा, यावर त्या धंद्यातले बहुतेक लोक सहमत आहेत, जरी मोठा विकण्यात त्यांचा फायदा असला तरी. शिवाय न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर जातं. अमेरिकेत १९७०च्या कायद्यानंतर या छंदाला त्याचा जाब द्यावा लागला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे आणि पीयूसीची नळीही आहे.

रविवार आणि सोमवार एकाच शाफ्टवर बसवायचा मार्गही निघाला. होंडानं १९८९ साली इंटेग्रा गाडीत व्हीटेक आणलं. एकाच शाफ्टवर संथ चालीचे आणि वेगाचे असे वेगवेगळे लोब, आणि फेरे वाढले की तेलाच्या दाबानं एक खिट्टी सरकून इंजिन दुसऱ्यावर जातं. १.६ लिटरच्या त्या इंजिनानं १६० हॉर्सपॉवर दिली आणि तरी ते गर्दीत शहाण्यासारखं चालायचं.

हे सगळं परमुलखातलं वाचत असताना मला माझ्याच गावाची एक गोष्ट उशिरा लक्षात आली. सोलापुरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पण १९९२ साली इथेच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी निघाली. तिच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात ओतलेले कॅमशाफ्ट जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई यांच्या इंजिनांत गेले आहेत. वाळूच्या साच्यात उंचवट्याच्या जागी थंड लोखंडाचे तुकडे ठेवतात. रस तिथे झटकन गार होतो आणि तेवढाच भाग घासणीला टिकेल इतका कडक होतो, बाकीचा दांडा मऊ राहतो. डन्टोव्हच्या कंपनीला लागणारे कॅम अब्बांच्या गावात ओतले जातात, हे अब्बांना सांगायला हवं होतं. ते म्हणाले असते, टॅपेट आहे, आपल्याला काय नवीन.

भाच्यानं मूळचा कॅम सांभाळून ठेवला होता, मेव्हण्यांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून, तेल लावून. मी त्याला एवढंच विचारलं, की तू गेल्या महिन्यात चार हजारांच्या वर किती वेळा गेलास? त्यानं आठवून सांगितलं, दोनदा, पुण्याच्या रस्त्यावर. पुढच्या रविवारी त्यानं स्वतःच्या हातानं जुना कॅम परत बसवला. मी शेजारी स्टूलवर बसून टॉर्च धरला होता. टायमिंगच्या खुणा जुळवताना तो तीनदा थांबला, तीनदा मोजलं. किल्ली फिरवली तर गाडी पूर्वीसारखी पटकन लागली. एवढी गप्प की चालू आहे की नाही, ते हात लावून बघावं लागलं.

रिक्षावाल्याचे पैसे आम्ही दोघांनी मिळून दिले. आपा आता त्या गाडीतून जाते-येते, पण मागच्या सीटवर बसते. पुढे बस म्हटलं की म्हणते, इथेच बरी आहे.